विंडोज १० वरून लिनक्सकडे : घरात एकच लॅपटॉप, मराठी अक्षरजुळणीचे काम आणि टॅली

प्रश्न : अक्षरजुळणी, सातारा

नमस्कार.

मी घरून मराठी पुस्तकांच्या अक्षरजुळणीचे आणि मुद्रितशोधनाचे काम करते. घरात एकच लॅपटॉप आहे. तो २०१७ साली घेतला असून त्यात इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्डडिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह आणि विंडोज १० आहे. कळ दाबल्यापासून यंत्र काम करण्याजोगे होईपर्यंत सात-आठ मिनिटे जातात. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे तो मार्ग या यंत्राला बंद आहे. नवा लॅपटॉप यंदा घेणे शक्य नाही, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स ही संगणक-प्रणाली बसवण्याचा विचार मनात आला.

अडचणी अशा आहेत. माझ्याकडे अठरा-वीस वर्षांच्या फायली आहेत आणि त्यांतील बऱ्याचशा युनिकोडपूर्व (अक्षरांचे सर्वत्र एकच संकेत रूढ होण्यापूर्वीच्या) काळातील मराठी फाँटांमध्ये आहेत. काही पेजमेकर या जुन्या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरच्याही आहेत. माझे यजमान दोन दुकानांचे हिशेब टॅली या सॉफ्टवेअरमध्ये ठेवतात आणि ते काम एक दिवसही थांबवता येत नाही. मुलगा बारावीत आहे, त्याला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायची आहे. शिवाय एक जुना लेझर प्रिंटर आहे.

येथील एका दुकानात विचारले असता, "फॉरमॅट मारून लिनक्स टाकून देतो, अर्ध्या तासात घेऊन जा," असे उत्तर मिळाले. फायलींचे काय, असे विचारल्यावर त्यांना काही सांगता आले नाही, म्हणून लॅपटॉप परत आणला. मी तांत्रिक शिक्षण घेतलेले नाही, परंतु सूचना नीट वाचून एकेक पायरी करण्याची माझी तयारी आहे. सुरुवात कोठून करावी, कोणते लिनक्स निवडावे आणि टॅली न गमावता हे जमेल का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.


उत्तर १ : जुनासंगणक, पुणे

लॅपटॉप दुकानात न ठेवता परत आणलात, हे फार चांगले झाले. लिनक्स बसवायला खरोखरच अर्धा तास लागतो. पण त्याआधीच्या तयारीला दोन-तीन संध्याकाळी द्याव्या लागतात, आणि सगळे बरेवाईट त्या संध्याकाळींवर ठरते. मी स्वतः पहिल्यांदा लिनक्स बसवले तेव्हा "संपूर्ण डिस्क पुसून बसवा" हा पर्याय नीट न वाचता निवडला आणि वडिलांच्या निवृत्तीच्या समारंभाची छायाचित्रे कायमची गेली. त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. तेव्हापासून मी कोणालाही पहिली सूचना बॅकअपचीच देतो.

बाहेरची एक हार्डडिस्क घेऊन त्यावर सर्व कामाच्या फायली, छायाचित्रे, ब्राउझरमधील बुकमार्क आणि टॅलीच्या डेटाचे फोल्डर उतरवून घ्या. तुमच्या बाबतीत विंडोजच्या फाँट फोल्डरमधील जुने मराठी फाँटही त्यात आलेच पाहिजेत, कारण ते राहून गेले तर फायली असूनही वाचता येणार नाहीत. नुसते कॉपी करून थांबू नका. ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून दहा-पंधरा फायली उघडून पाहा. उघडून पाहिलेला नाही तो बॅकअप धरू नये.

आता कोणते लिनक्स निवडावे याविषयी. लिनक्स म्हणजे काटेकोरपणे पाहिले तर फक्त गाभा आहे, जो लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकीत विद्यार्थी असताना लिहायला घेतला. त्या गाभ्याभोवती खिडक्या, फायलींचे कपाट, ब्राउझर, कार्यालयीन सॉफ्टवेअर असा सगळा संसार मांडून जे तयार करून दिले जाते त्याला वितरण म्हणतात, आणि अशी वितरणे पुष्कळ आहेत. तुम्हाला मी लिनक्स मिंट सुचवेन. त्याची मांडणी विंडोजच्या सवयीच्या माणसाला परकी वाटत नाही. शिवाय ते उबुंटूवर आधारलेले आहे आणि उबुंटू डेबियनवर, त्यामुळे उबुंटूसाठी लिहिलेली बहुतेक उत्तरे मिंटलाही लागू पडतात. नवख्या माणसाला हा आधार मोठा असतो. मिंटच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा-अद्यतने मिळणार आहेत. मिंटची किमान गरज २ जीबी रॅमची आहे आणि सुखाने काम करण्यासाठी ४ जीबी सुचवलेली आहे. तुमच्या आजच्या ४ जीबीवर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या; पुढेमागे रॅम ८ जीबी केलीत तर सिनॅमन आवृत्ती अधिक देखणी आणि सोयीची आहे.

मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल (संपूर्ण मिंट सामावलेली एकच फाइल) उतरवा. सोबत दिलेली एसएचए-२५६ ही ६४ अंकाक्षरांची खूण उतरलेल्या फाइलच्या खुणेशी जुळते का ते अवश्य पाहा. नेट मध्येच तुटले तर फाइल अपुरी उतरते आणि मग भलत्याच जागी दोष शोधत बसावे लागते. ती फाइल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. बलेना एचर किंवा रूफस यांसारख्या साधनाने लिहावी लागते. पेन ड्राइव्ह ८ जीबीचा पुरेल, त्यावरील जुने सर्व पुसले जाईल. लॅपटॉप सुरू होताना बूट मेन्यूची (यंत्र कशावरून सुरू करायचे ते निवडण्याच्या यादीची) कळ दाबून पेन ड्राइव्ह निवडायचा. ही कळ डेल, लेनोव्हो आणि एसरच्या बहुतेक यंत्रांत एफ-१२, एचपीत एफ-९ आणि आसुसमध्ये एस्केप असते.

यानंतर पडद्यावर मिंट दिसेल, पण लॅपटॉपमध्ये काहीही बसलेले नसेल. सगळे पेन ड्राइव्हवरून चालू असेल. "इन्स्टॉल" या चिन्हाला अजिबात हात न लावता एक संध्याकाळ त्यातच काढा. वाय-फाय लागते का, आवाज येतो का, टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकते का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का, प्रिंटर दिसतो का, हे सर्व पाहा. पेन ड्राइव्हवरून चालताना ते संथ वाटेल, त्यावरून वेगाचे अनुमान करू नका. वाय-फाय दिसले नाही तरी घाबरू नका; फोन केबलने जोडून त्यातील यूएसबी टेथरिंग सुरू केले की लॅपटॉपला नेट मिळते, आणि मग ड्रायव्हर मॅनेजरमधून वाय-फायचा ड्रायव्हर (तो भाग चालवणारे सॉफ्टवेअर) बसवता येतो.

माझी खरी शिफारस मात्र यापुढची आहे : जुन्या हार्डडिस्कला हातच लावू नका. २.५ इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) विकत घ्या, २४० जीबीची पुरे आहे. जुनी डिस्क काढून त्या जागी एसएसडी बसवा आणि तिच्यावर मिंट घाला. तुमच्या यंत्राचा संथपणा मुख्यतः फिरत्या डिस्कमुळे आहे, प्रोसेसरमुळे नाही. एवढ्या एका बदलाने ते मिनिटभराच्या आत सुरू होऊ लागेल. मिंट पूर्ण बसल्यानंतर डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडीत (डीव्हीडी ड्राइव्हच्या खाचेत बसणाऱ्या चौकटीत) जुनी डिस्क बसवा. कॅडी ९.५ मिलिमीटर आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडींत मिळते, म्हणून आपल्या डीव्हीडी ड्राइव्हची जाडी आधी मोजून घ्या. टॅली हवे असेल त्या वेळी बूट मेन्यूतून जुनी डिस्क निवडली की विंडोज होते तसे समोर येईल.


उत्तर २ : सह्यकडा, नाशिक

वरील उत्तर चांगले आहे, तरी एसएसडी आणि कॅडी या दोन वस्तूंचा खर्च प्रत्येकाला जमेलच असे नाही. एकाच डिस्कवर दोन्ही प्रणाली ठेवणे हा अनेक वर्षे रुळलेला मार्ग आहे आणि मी तो चार यंत्रांवर कोणतीही हानी न होता वापरला आहे. विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट या साधनातून सी ड्राइव्ह आक्रसून शंभरेक जीबी जागा मोकळी करावी आणि मिंट बसवताना "विंडोजच्या शेजारी बसवा" हा पर्याय निवडावा. जागा मोकळी करण्याचे काम मात्र विंडोजमधूनच करावे. त्याआधी बिटलॉकरचे कूटबंधन (डिस्कवरील मजकुराला विंडोज लावते ते कुलूप) चालू आहे का ते पाहून, असल्यास ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर लिहून ठेवावी. ती नसेल आणि विंडोजने ती मागितली, तर स्वतःच्याच फायलींपुढे कुलूप लागते.

मिंट बसवताना लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा. डिस्कची विभाजने बदलत असताना वीज गेली आणि जुन्या बॅटरीने साथ दिली नाही, तर काय होईल ते सांगायला नको.


जुनासंगणक, पुणे

सह्यकडा यांनी सांगितलेला मार्ग चुकीचा नाही, आणि बिटलॉकरबद्दलची त्यांची सूचना मी द्यायला हवी होती. माझा आक्षेप फक्त या घरापुरता आहे. आठ-नऊ वर्षे रोज फिरलेल्या डिस्कवर विभाजने आक्रसायची म्हणजे हजारो फायली तिच्यावरच एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवायच्या. तिच्यावर दोन दुकानांचे हिशेब असताना हा धोका पत्करावा असे मला वाटत नाही. खर्च कमी करायचा असेल तर कॅडी वगळावी. जुनी डिस्क कापडात गुंडाळून कपाटात ठेवावी आणि चार-सहा महिने लिनक्स वापरून निर्णय घ्यावा. मात्र येथे टॅली रोजचे आहे, म्हणून कॅडी सुचवली.

एक गोष्ट ठळकपणे सांगतो. मिंट बसवताना जुनी डिस्क लॅपटॉपमध्ये नसली पाहिजे. दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या तर लिनक्सचा बूटलोडर (प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) विंडोजच्या डिस्कवरील ईएफआय या, यंत्र सुरू करण्याच्या फायलींसाठी राखलेल्या विभाजनात जाऊन बसण्याचा संभव असतो, आणि मग एक डिस्क काढली की दुसरीही सुरू होत नाही. जुनी डिस्क बाहेर असेल तर यादीत एकच डिस्क दिसेल, आणि "संपूर्ण डिस्क पुसून बसवा" हा पर्यायही, जो माझ्या बाबतीत घातक ठरला, तेथे निर्धास्तपणे निवडता येईल.

टॅली वाइन या (विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवू पाहणाऱ्या) साधनातून लिनक्सवर चालवण्याचे सल्ले तुम्हाला सापडतील. हिशेबाच्या कामासाठी तो प्रयोग करू नये. टॅली विंडोजसाठी बनलेले आहे, ते विंडोजवरच चालवावे. विंडोज १० साठी घरगुती ग्राहकांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-अद्यतने घेण्याची सोय आहे, ती नोंदणी त्या डिस्कवर करून घ्यावी, आणि विंडोजमधून टॅलीखेरीज दुसरे काही, विशेषतः बँकेचे व्यवहार आणि ईमेल, करू नये.


उत्तर ३ : टाकबोरू, कोल्हापूर

मीही याच व्यवसायात आहे आणि गेली काही वर्षे पूर्णपणे लिनक्सवर काम करतो, त्यामुळे मराठीच्या बाजूबद्दल सविस्तर लिहितो. आपल्या व्यवसायातील माणसाचे लिनक्स वाय-फायमुळे क्वचितच अडते. जुन्या फाँटांमुळे मात्र नेहमी अडते, आणि त्याबद्दल कोणी आधी सांगत नाही.

प्रथम टंकलेखन. तुम्ही इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची प्रमाण कळ-रचना वापरत असाल तर काहीही नवे उतरवावे लागत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट या भागात जाऊन मराठीचा सुधारित इन्स्क्रिप्ट लेआउट जोडायचा आणि भाषा बदलण्यासाठी एखादी कळ नेमून द्यायची. अक्षरांच्या जागा विंडोजवर होत्या त्याच राहतात : एन वर ल, शिफ्ट-एन वर ळ, जे वर र, शिफ्ट-जे वर ऱ. "दऱ्या", "सुऱ्या" अशा शब्दांतील अर्धचंद्री र साठी ऱ, मग डी वरील हलन्त, मग य असे टंकावे. युनिकोडमध्ये ॲ हे स्वतंत्र अक्षर २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्यामुळे त्याआधीच्या फाँटांत ते नसते आणि त्या जागी रिकामा चौकोन दिसतो. चौकोन दिसला तर दोष लिनक्सला देऊ नका, फाँट बदलून पाहा. रोमन अक्षरांतून उच्चारानुसार मराठी लिहिण्याची सवय असेल, तर आयबस हे भाषा टंकण्याचे साधन आणि त्यासोबत एम-१७-एन हे पॅकेज बसवावे. इंग्रजीसाठी "इंग्रजी (भारत, रुपयासह)" हा लेआउट घेतला की उजवा ऑल्ट आणि ४ या कळांनी ₹ हे चिन्ह उमटते. हिशेबाच्या घरात हे उपयोगी पडेल.

लिनक्समध्ये मराठीसाठी चांगले मुक्त फाँट भरपूर आहेत. नोटोचे देवनागरी फाँट, मुक्ता आणि लोहित ही तीन नावे लक्षात ठेवा. लोहित फाँट रेड हॅटने मुक्त केले, आणि लोहित या संस्कृत शब्दाचा अर्थ तांबडा, असा त्या नावाचा मेळ आहे. लिबरऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये टूल्स, ऑप्शन्स, भाषा या मार्गाने जाऊन संमिश्र (देवनागरीसारख्या) लिप्यांसाठीची भाषा मराठी ठरवा. हा केवळ उपचार नाही. काही फाँटांत ल आणि श यांची मराठी वळणाची रूपे वेगळी ठेवलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी नोंदलेली असेल तरच ती वापरली जातात. नसेल तर हिंदी वळणाचे ल आणि श छापले जातात. पुस्तकाच्या कामात हा फरक डोळ्याला खुपतो.

आता जुन्या फायलींविषयी. युनिकोडपूर्व फाँटांत फायलीमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेत साठवलेले असतात आणि त्यांच्या जागी मराठी चित्रे दाखवण्याचे काम फक्त तो फाँट करतो. म्हणून अशी फाइल लिनक्सवर उघडली की ओळीच्या ओळी अर्थहीन इंग्रजी दिसतात. मजकूर बिघडलेला नसतो, फक्त फाँट नसतो. तुमच्याकडे परवान्यासह असलेले फाँट तुमच्या होम फोल्डरमधील फाँटांच्या जागी ठेवले की बहुतेक फायली पूर्ववत दिसू लागतात. मात्र अशा मजकुराला लिबरऑफिस रोमनच समजते, म्हणून फाँटही पाश्चात्त्य मजकुराच्या रकान्यातून लागतो, देवनागरीच्या नव्हे. आणि फार महत्त्वाचे : अशा फायलीत एक अक्षरही बदलण्यापूर्वी स्वयंदुरुस्ती पूर्ण बंद करा. ती चालू असेल तर वाक्याचे पहिले अक्षर ती आपोआप मोठे करते, सरळ अवतरणचिन्हे वळणदार करते, आणि त्या संकेतांमागे भलतेच मराठी अक्षर असल्यामुळे मजकूर गुपचूप बदलतो. माझ्या एका कथासंग्रहाच्या तिसऱ्या प्रुफापर्यंत हे ध्यानात आले नव्हते आणि सारे पहिल्यापासून ताडून पाहावे लागले.

कायमचा उपाय म्हणजे युनिकोड रूपांतर. परिवर्तक साधने मिळतात, पण रूपांतर झाल्यावर रफार, अर्धचंद्री र, पोटफोड्या ष, ॲ आणि ऑ, तसेच अनुस्वारासह आलेली दीर्घ वेलांटी ही स्थळे डोळ्यांखालून घातल्याशिवाय फाइल पुढे पाठवू नये. सगळ्या फायलींचे रूपांतर करत बसू नका. ज्या पुस्तकाची पुनरावृत्ती निघणार असेल तेवढेच करा. बाकीच्यांची विंडोज हाताशी असतानाच पीडीएफ काढून ठेवा.

पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ साली आली. लिबरऑफिसचे ड्रॉ त्या फायली उघडण्याचा प्रयत्न करते, परंतु मांडणी जशीच्या तशी येईल असे गृहीत धरू नका. नव्या पुस्तकांसाठी स्क्रायबस हे पानजुळणीचे सॉफ्टवेअर वापरा आणि त्याची १.६ किंवा त्यापुढचीच आवृत्ती घ्या. जुन्या १.४ मालिकेत देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळत नसत, आणि त्या अनुभवामुळे अनेकांनी स्क्रायबसचे नाव टाकले. आज तशी स्थिती नाही. माझी गेल्या वर्षीची सर्व कामे स्क्रायबसमधूनच छापखान्यात गेली.


अक्षरजुळणी, सातारा

आपण सर्वांनी एवढे मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण सगळे झाल्यावरच लिहायचे ठरवले होते.

बॅकअपला चार संध्याकाळी गेल्या. फायली उघडून पाहा, या सूचनेमुळे एक मोठा तोटा टळला : २०११ सालच्या एका फोल्डरमधील निम्म्या फायली पहिल्या वेळी कॉपीच झाल्या नव्हत्या. पेन ड्राइव्हवरून मिंट चालवले तेव्हा वाय-फाय दिसले नाही. फोनच्या केबलने नेट घेऊन पुढे गेले. एसएसडी बसवण्याचे काम एका ओळखीच्या तंत्रज्ञाकडून माझ्यासमोर करून घेतले आणि मिंट मात्र मी स्वतः बसवले. वेळ-विभागासाठी नकाशात कोलकाता निवडायचे, हे मुलाने सांगितले. शेवटच्या टप्प्यानंतर ड्रायव्हर मॅनेजरमधून वाय-फाय लागले. एकदा टर्मिनलमध्ये (आज्ञा लिहून देण्याच्या खिडकीत) पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटेना तेव्हा कीबोर्ड बिघडला असे वाटून मी थांबले होते. तेथे कधीकधी अक्षरे किंवा ठिपके दिसत नाहीत, तरी पासवर्ड जात असतो, हे नंतर कळले. नव्याने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

लॅपटॉप आता चाळीस सेकंदांत सुरू होतो. इन्स्क्रिप्ट लागले, मजकुराची भाषा मराठी केल्यावर ल आणि श आपल्या वळणाचे आले, आणि ते पाहून किती बरे वाटले ते लिहून सांगता येत नाही. मुलाला पायथनसाठी काहीच बसवावे लागले नाही. ते आधीपासूनच होते.

तीन गोष्टी अडल्या आहेत. पहिली, टॅलीसाठी जुन्या डिस्कवरून विंडोज सुरू केले की घड्याळ साडेपाच तास मागे दिसते. यजमानांच्या नोंदींवर चुकीची तारीख पडण्याची भीती वाटते. दुसरी, मिंटमधून जुन्या डिस्कवरील फायली वाचता येतात, पण तिच्यावर काही लिहिता येत नाही. तिसरी, प्रिंटर यादीत दिसतो, पण कोरे पानसुद्धा बाहेर येत नाही.


जुनासंगणक, पुणे

ताई, अभिनंदन. तिन्ही अडचणी नेहमीच्याच आहेत.

घड्याळाचे कारण असे आहे. लॅपटॉपच्या आतील घड्याळात जागतिक प्रमाणवेळ आहे असे लिनक्स मानते आणि तिच्यात साडेपाच तास मिळवून भारतीय वेळ दाखवते. विंडोज त्याच घड्याळात स्थानिक वेळ आहे असे मानते आणि आकडा आहे तसा दाखवते. म्हणून फरक नेमका साडेपाच तासांचाच पडतो. मिंटला विंडोजची रीत स्वीकारायला सांगणे हा सोपा उपाय आहे : टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल ही आज्ञा, त्यापुढे सेट-लोकल-आरटीसी आणि १, असे रोमन लहान अक्षरांत लिहून एंटर करा. त्यानंतर विंडोजमध्ये जाऊन घड्याळ एकदा दुरुस्त करा. आजपर्यंत झालेल्या नोंदींच्या तारखा मात्र तपासून घ्याव्यात, विशेषतः पहाटे साडेपाचच्या आत केलेल्या कामाच्या, कारण त्या आदल्या दिवशी गेल्या असतील.

डिस्कवर लिहिता येत नाही, याचे कारण विंडोजचे फास्ट स्टार्टअप. ते चालू असताना बंद करण्याची कळ दाबली तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपी जाते, आणि अशा डिस्कवर लिहिणे धोक्याचे असल्यामुळे लिनक्स ती फक्त वाचण्यापुरती उघडते. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये बटणांच्या कामाच्या पानावर जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढा. तरीही टॅलीच्या फोल्डरमध्ये मिंटमधून काही लिहू नये असे माझे मत आहे.

प्रिंटरबाबत आशा कमी आहे. काही जुने स्वस्त लेझर प्रिंटर उत्पादकाच्या खासगी भाषेतच बोलतात आणि तिचा ड्रायव्हर लिनक्ससाठी नीट ठेवलेला नसतो. एचपीच्या पुष्कळ प्रिंटरांसाठी एचपीलिप हे पॅकेज आहे, आणि अलीकडचे नेटवर्क प्रिंटर बहुधा ड्रायव्हरशिवायच चालतात. तुमचा या दोन्हींत बसत नसेल तर प्रुफांची पीडीएफ करून विंडोजच्या डिस्कवरून छापा, आणि पुढचा प्रिंटर घेताना ड्रायव्हरविना छपाईची सोय आहे ना ते पाहून घ्या.

आणखी एक. मिंटमध्ये टाइमशिफ्ट हे साधन आहे, ते आजच चालू करून आठवड्याला एक नोंद ठेवा. एखादे अद्यतन बिघडले तर प्रणाली मागच्या स्थितीत नेता येते. मात्र टाइमशिफ्ट फक्त प्रणाली जपते, तुमच्या होम फोल्डरमधील फायली त्यात मुळात धरलेल्या नसतात. त्यांचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर पूर्वीसारखाच घेत राहायला हवा.


अक्षरजुळणी, सातारा

आज्ञा दिली, विंडोजमध्ये घड्याळ लावले आणि दोन दिवस दोन्हीकडून सुरू करून पाहिले. वेळ बरोबर आहे. यजमानांनी नोंदी तपासल्या. पहाटे बसून केलेल्या तीन पावत्या खरोखरच आदल्या तारखेला गेल्या होत्या, त्या दुरुस्त केल्या. फास्ट स्टार्टअप बंद केले आहे. प्रुफे तूर्त विंडोजवरून छापते आहे. टाइमशिफ्टची पहिली नोंद झाली, आणि बाहेरच्या डिस्कसाठी कॅलेंडरवर दर रविवारची खूण केली आहे. प्रश्न सुटला असे नोंदवावे.